अंगातलं मोहोळ

खंडेनवमीला यंत्रांनाही सुट्टी असते, हे सांगलीत कुणाला शिकवावं लागत नाही. गिरणीवाला पट्टा उतरवून ठेवतो, शिंपी मशीनवर झेंडू वाहतो, रिक्षावाले हँडलला हार घालतात. आणि कृष्णाकाठ विद्यापीठाच्या कर्करोग-औषध प्रयोगशाळेत, जिथं एरवी 'आज उकडतंय' हेसुद्धा पुराव्याशिवाय कुणी मान्य करत नाही, तिथं तीन शास्त्रज्ञ हळदकुंकवाचं तबक घेऊन यंत्रापुढं निमूट उभे राहतात.

डॉ. सुनेत्रा मगदूम पूजेआधी यंत्रं पुसत होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख हेरवाडकर मॅडम माळांचा गुंता सोडवत होत्या. उंदरांवरचे प्रयोग आणि रुग्णांची विचारपूस अशी दोन्ही खाती सांभाळणारा इरफान मुजावर पेढ्यांच्या खोक्याशी झटत होता. झेंडू दरवर्षी मिरजेहून तोच आणायचा आणि "तुमच्या सांगलीचा झेंडू म्हणजे नुसता दिखावा, ताई," असं दरवर्षी सुनेत्राला ऐकवायचाही.

सुनेत्रानं दीप्तिमापकाचा, म्हणजे चमक मोजणाऱ्या यंत्राचा, ट्रे बाहेर ओढून फडकं फिरवलं. पहिल्या खणाच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका होता, मोहरीएवढासुद्धा नाही. नखानं खरवडला तरी निघेना. नीट दिसावा म्हणून तिनं यंत्राचा निळा दिवा लावला, तर ठिपका हिरवागार पेटला.

हळद निळ्या उजेडात हिरवी चमकते, हे तिला ठाऊक होतं. ही हळद इथं कुणी लावली, हेही ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी यंत्र नवंकोरं आलं तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "नव्या नवरीचा मळवट नीट भर गं," आणि हिनं हौसेनं, ट्रे उघडा असतानाच, हळदीचा अंगठा टेकवला होता. सांगलीची हळद ती. बसली ती बसली.

सुनेत्रा घाबरून स्पिरिटची बाटली शोधू लागली. एका ठिपक्यानं एवढं घाबरायचं काय, असं कुणालाही वाटेल. म्हणून आधी या तिघांनी केलं काय होतं ते सांगायला हवं.

त्यांच्या औषधाचं नाव 'मोहोळ'. मधमाशीच्या विषात एक द्रव्य असतं, ते पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. कर्करोगाच्या पेशीवर ते पडलं तर ती पेशी मरते. पण तसंच शिरेत टोचलं तर आधी माणूसच जाईल. म्हणून त्यांनी ते विष कुप्यांमध्ये भरलं. चरबीच्या रेणूंची कुपी, केसाच्या रुंदीत हजारभर सहज मावाव्यात इतकी बारीक. प्रत्येक कुपीला कुलूप, आणि त्या कुलपाची किल्ली म्हणजे आंबटपणा. कर्करोगाची गाठ हावरटासारखी साखर खाते आणि भोवती आम्ल सांडून ठेवते. रक्तातून भटकत कुपी तिथं पोचली की कुलूप विरघळतं, विष बाहेर पडतं आणि गाठ पोखरली जाते. जिला गाठ सापडत नाही, ती कुपी दोनेक आठवड्यांत आपोआप विरून जाते.

विरून जाते, हे याच दीप्तिमापकानं सांगितलं होतं. कुप्यांना चमकणारी खूण लावलेली असायची. रक्ताचा थेंब यंत्रात ठेवायचा, चमक मोजायची. चमक संपली म्हणजे कुप्या संपल्या. पण रक्त स्वतःही जरासं चमकतं. म्हणून पहिल्या खणात दरवेळी औषध न घेतलेल्या माणसाचं रक्त ठेवायचं आणि त्याची चमक बाकीच्यांतून वजा करायची. वाणी नाही का, आधी रिकाम्या बरणीच्या वजनाचा धडा करतो आणि मग तेल मोजतो? आता धडा करताना बरणीला बाहेरून चिखल लागलेला असेल आणि तेल मोजताना नसेल, तर धडा जड होणार आणि तळाशी उरलेलं पळीभर तेल मापात येणारच नाही.

पहिला खण दोन वर्षं हळदीनं चमकत होता. भरपूर कुप्या असताना तेवढ्यानं काही बिघडत नव्हतं. शेवटी उरलेल्या थोड्या कुप्या मात्र दरवेळी शून्य दिसल्या, आणि त्या शून्यावर औषधाला परवानगी मिळाली.

तिनं कापूस स्पिरिटमध्ये बुडवून ठिपका जाईपर्यंत खण घासला आणि यंत्राचं बटण दाबलं.

"अगं, आज चालू करायचं नसतं ते," मॅडम म्हणाल्या.

"एकदाच, मॅडम. पाया पडते, पण एकदाच."

मॅडम माळ हातात घेऊन तशाच थांबल्या. सुनेत्रानं फ्रिजमधलं साधं रक्त पहिल्या खणात ठेवलं, मग सुई घेऊन स्वतःच्याच बोटाला टोचली. कारण मोहोळचा पहिला डोस या तिघांनी स्वतः घेतला होता, दीड वर्षापूर्वी. "जे दुसऱ्याच्या लेकराला द्यायचं ते आधी आपण घ्यायचं," हा मॅडमचा नियम. आणि भ्यायचं कशाला? गाठच नाही तर कुपी उघडणार नाही, आणि पंधरवड्यानं ती उरणारही नाही. तिघांनी एकमेकांना टोचून घेतलं होतं आणि वर पोटभर भडंग खाल्लं होतं.

यंत्र किणकिणलं. आकडा शून्य नव्हता.

तिनं इरफानचं बोट ओढून घेतलं, मग मॅडमचं. तेही शून्य नव्हते. तिघांच्याही अंगात मोहोळ अजून दबा धरून बसलेलं होतं.

"पण कुलपं लागलेलीच आहेत ना?" इरफान घाईघाईनं म्हणाला. "गाठ नाही तर उघडणार कशी? इतके दिवस झाले, आपण ठणठणीत आहोत की."

"आंबटपणा काय फक्त गाठीतच असतो?" मॅडमनी विचारलं. परीक्षेत विचारतात तसाच स्वर होता, पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

उत्तर शाळेच्या पुस्तकातलं होतं. माणूस जीव तोडून पळाला, ओझं उचललं, धापा टाकू लागला, की स्नायूंना प्राणवायू पुरत नाही आणि त्यांच्यात आम्ल साठतं. मग मांड्या पेटतात, खांदे भरून येतात. आणि त्या वेळी छातीतला सगळ्यांत कष्टाळू स्नायूसुद्धा राबतच असतो.

इरफान स्टुलावर बसला. "चाकावरचे उंदीर," तो म्हणाला. "काही पिंजऱ्यांत मी पळायचं चाक लावलं होतं, बिचाऱ्यांना विरंगुळा म्हणून. मोहोळ दिलेल्यांपैकी चाकवालेच तेवढे मेले. मी म्हटलं, म्हातारे झाले असतील." त्यानं पेढ्यांचं खोकं बाजूला सारलं. "आणि माळी गुरुजी, ताई."

माळी गुरुजी त्यांचे तासगावकडचे रुग्ण. गाठ पार गेली तेव्हा आनंदानं दंडोबाचा डोंगर चढायला गेले आणि वाटेतच कोसळले. हार्ट अटॅक, म्हणाले सगळे. इरफान त्यांच्या मातीला जाऊन आला होता, गुरुजींच्या बायकोनं त्याचे हात धरून औषधाचे आभार मानले होते.

"काल मी पोरीला खांद्यावर घेऊन जिना चढलो," तो पुटपुटला आणि स्वतःच्या गुडघ्यांकडं परक्याचे असावेत तसा बघू लागला.

सुनेत्राला यातलं अर्धंच ऐकू आलं. तिच्या डोळ्यांपुढं धनू उभा होता.

धन्यकुमार, तिचा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी मांडीच्या हाडात गाठ निघाली, पाय काढावा लागेल असं डॉक्टर म्हणाले, आणि हा पठ्ठ्या कुठल्याच उपचाराला तयार होईना. सुनेत्रानं त्याला मोहोळसाठी राजी केलं. त्यानं डोळे मिटून हात पुढं केला होता, "अक्का, तू देतीयस म्हंजे अमृतच असणार." पाय वाचला, गाठ गेली, आणि बरा झाल्या झाल्या त्यानं पहिला हट्ट धरला तो होडीचा. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती पूर्वी श्रावणात व्हायच्या. आता ऑगस्टात नदीचा काही भरवसा राहिलेला नाही, म्हणून त्या दसऱ्याला होतात. म्हणजे उद्या.

काल जेवताना तो खांदा चोळत होता. "अक्का, हितं माशी डसल्यागत होतंय बघ."

आणि ती हसली होती! "वर्षभर गादीवर लोळलास, आता वल्हं मारल्यावर दुखणारच. हळद लावून शेक."

ते आठवून तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तिनं धनूला फोन लावला. बंद. लागणारच नव्हता, कारण सरावाला जाताना होडीवाल्यांचा म्होरक्या बजरंगअण्णा सगळ्यांचे फोन पिशवीत घालून घरी ठेवायचा. पोरं व्हिडिओ काढतात आणि दुसऱ्या मंडळाला आपला डाव कळतो, असं त्याचं म्हणणं. सरावसुद्धा घाटावर नाही, हरिपूरच्या पुढं नदी उसाच्या आड वळसा घेते तिथं चोरून. जागा धनूनं तिलाच तेवढी सांगितली होती, तीही शपथ घालून. आज शेवटचा सराव होता, आणि आज पहिल्यांदा पूर्ण ताकदीनं वल्ही मारायची होती.

"तू जा," मॅडम म्हणाल्या. "आम्ही दोघं एकेका रुग्णाला फोन लावतो. उचलू नका, पळू नका, चढू नका, एवढंच सांगतो."

"आणि या कुप्या बाहेर काढायच्या कशा?" इरफाननं विचारलं.

"शोधू. आज उपाय एकच, कुणी दमायचं नाही." मॅडमनी सुनेत्राचा दंड धरला. "तूसुद्धा. कळलं का? काही झालं तरी पळायचं नाही."

लिफ्टला हार घालून ती बंद ठेवलेली होती, खंडेनवमी होती ना. सुनेत्रा कठड्याला धरून एकेक पायरी उतरली. उतरताना प्रथमच तिला कळलं की आपल्याला पाय आहेत, त्यांत मांस आहे, आणि ते मांस आपल्या बाजूचं आहे की नाही ते सांगता येत नाही.

स्कूटरवर बसून मात्र ती सुटली. यंत्र दमलं तरी चालतं, माणूस दमायचा नाही, एवढाच विचार. हरिपूर मागं पडलं, डांबर संपलं, उसातली चाकोरी लागली. परवाच्या पावसानं चिखल झाला होता. थोडं पुढं गेल्यावर मागचं चाक अर्ध्यापर्यंत रुतलं आणि जागच्या जागी फिरू लागलं. ओढून काढायची म्हटलं तर जोर लावावा लागणार. तिनं स्कूटर तशीच सोडून दिली.

उसाच्या फटीतून नदी दिसत होती. आणि होडीही.

लांब, काळपट होडी पलीकडच्या काठानं संथ चालली होती. वल्ही एकदम बुडत होती, एकदम उठत होती. तिच्या जिवात जीव आला, कारण धनूनं तिला सरावाची रीत रंगवून सांगितली होती. पहिली फेरी नवरदेवाची, दुसरी चोराची. पहिल्यांदा वरातीत मिरवल्यासारखं सावकाश वळणापर्यंत जायचं, हात मोकळे करायचे. मग होडी फिरवायची, बजरंगअण्णा शिट्टी फुंकणार, आणि पाठीमागं गाव लागल्यासारखं सुटायचं. ही अजून नवरदेवाची फेरी होती.

"धनूऽऽ!" ती ओरडली. जवळच कुणाचा तरी पाण्याचा पंप धडधडत होता. तिची हाक तिलाच धड ऐकू आली नाही. आजूबाजूला माणूस औषधालाही नव्हता. सणाच्या दिवशी शेतात कोण येतंय? काठ दोन शेतं पलीकडं होता.

ती चालू लागली. चिखल प्रत्येक पावलाला पाय धरून ठेवत होता. छाती धडधडत होती ती चालण्यानं की भीतीनं, तिला सांगता येईना. भीतीनं धडधडलेलं काळीज आंबट होतं का? तिनं असा प्रयोग कधी केला नव्हता. भीती वाटायला लागली म्हणून अजून भीती वाटायला लागली. सावकाश, सुनेत्रा, असं ती लहान पोरीला समजवावं तसं स्वतःला समजावत होती, आणि होडीवरची नजर काढत नव्हती.

उसाचं शेत संपलं, पुढचं मोकळं होतं. होडी वळणाशी पोचली होती. ती थांबली, डुलली, आणि तिचं नाक हळूहळू फिरू लागलं.

सुनेत्रा उभी राहिली. सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं. मधे तिसरा बसलेला, लाल बनियनवाला धनू. तो दोन्ही हातांना थुंकी लावत होता, लहानपणी विटीदांडू खेळताना लावायचा तशीच. चालत गेलं तर शिट्टी वाजेल, होडी सुटेल, आणि ती काठावर पोचेल तेव्हा त्याच्या खांद्यांतली, छातीतली कुलपं एकामागून एक उघडत असतील. पळालं तर... तिनं पुढचा विचार केला नाही. भाऊ समोर दिसत असताना बहीण तेवढा विचार करते का?

ती पळाली. ओढणी हातात घेतली, भगवी, सणाचा म्हणून घातलेल्या ड्रेसवरची, आणि डोक्यावर गरागरा फिरवत, चिखल उडवत, आयुष्यात पळाली नव्हती अशी पळाली. शिट्टी वाजली. होडीनं उसळी घेतली. "थांऽऽब! धनू, थांऽऽब!"

काठाच्या बाभळीपाशी ती पोचली तेव्हा पहिला डंख बसला. उजव्या मांडीत, खोल. मग दुसरा. मग कुणीतरी पोळ्याला दगड मारावा तसं दोन्ही मांड्यांत एकदम उठलं.

होडीवरून कुणीतरी तिच्याकडं बोट दाखवलं. वल्ही पाण्याबाहेर राहिली. होडी वेगानं तशीच पुढं घसरत आली आणि मंदावली. नदीच्या मध्यावर धनू उठून उभा राहिला होता.

"अक्का? काय झालं गं?" पंप मागं राहिला होता, पाण्यावरून आवाज नीट आला. "आईला काय झालं काय?"

खाली बसावं, मातीत आडवं व्हावं, ओरडावं, असं अंगातला कण न् कण म्हणत होता. तेवढ्यात तिनं पाहिलं, धनूनं एक पाय होडीच्या काठावर ठेवला होता. तो उडी मारणार होता. अक्का पडली असं दिसलं की हा पोरगा क्षणभरही थांबणार नाही. भर नदी हातांनी कापत, असेल नसेल तेवढा जोर लावून येईल. लहानपणी ती घाटावर घसरली तेव्हा कपड्यांनिशी उडी टाकली होती त्यानं.

सुनेत्रानं बाभळीच्या फांदीला धरलं. काटे तळव्यात रुतले, त्याचं तिला काहीच वाटलं नाही. ती सरळ उभी राहिली. आणि हसली.

"काही नाही रे!" ती म्हणाली. आवाज कापू नये म्हणून तिनं शब्द सुटे सुटे टाकले. "खाली बस आधी. तुझं रक्त घ्यायचं राहिलंय, तपासणीचं. दमलेल्या माणसाचं रक्त चालत नाही."

"आत्ताच व्हय, ताई?" बजरंगअण्णा वैतागून ओरडला. "उद्या शर्यत हाय आमची!"

"आत्ताच, अण्णा. त्याला वल्ह्याला हात लावू देऊ नका. बाकीच्यांनी हळू आणा होडी. अगदी हळू."

धनू जरा घुटमळला. मग पाय आत घेतला, बसला, वल्हं आडवं ठेवलं. होडी तिच्याकडं वळली. बाकीचे कुरकुरत, नवरदेवाच्या चालीनं, वल्ही मारू लागले. सुनेत्राला रडू कोसळेलसं वाटलं. तो बसला होता. तो गप्प, आळशासारखा, हात मांडीवर टाकून बसला होता, आणि इतकं सुंदर काही तिनं कधी पाहिलं नव्हतं.

डंख मांड्यांतून वर सरकले होते. आता ते बरगड्यांच्या खाली होते. पळणं थांबवलं की मोहोळ शांत होतं का, हे कुणालाच माहीत नव्हतं. हा प्रयोग आत्ता, इथं, पहिल्यांदा चालला होता. ती तोंड मिटून नाकानं हळू श्वास घेत होती.

"उद्या हरलो तर तुझ्यामुळं बघ अक्का!" धनू होडीतून हसत ओरडला. "किती पळत आलीस! आगं बस की खाली, दमलीस ती."

"नको," ती म्हणाली. "उभीच बरी आहे मी. तू सावकाश ये."

तिनं दुसरा हात वर करून त्याला दाखवला, सावकाश, सावकाश. चेहऱ्यावरचं हसू तिनं हलू दिलं नाही. होडी काठाला लागायला अजून बराच वेळ होता.